दोन घरांचे राउटर आणि आईची डबी

माझ्या दोन्ही भावांच्या घरातले राउटर मी माझ्या हातांनी पुसले आहेत. दादाचा फ्रिजवर होता. फोडणीच्या वाफेने तो इतका चिकट झाला होता, की वर बसलेल्या माश्या तिथेच मेल्या होत्या. धाकट्याचा टीव्हीच्या मागे, आणि त्याच्या जाळीत पालीच्या लेंड्या. दिवे लागतात ना, मग झालं, असं दोघांचंही म्हणणं. वाटणीत पितळेच्या एका परातीवरून वर्षभर अबोला धरलेले हे दोघे याबाबतीत मात्र एकमताचे निघाले. जुन्या बनियनच्या चिंधीने मी ती घाण खरवडत होते आणि दोघी भावजया, आपापल्या घरी, "राहू द्या ना ताई, आमी पुसू मंग," म्हणत दारात उभ्या होत्या. घरी आल्यावर मी किती तरी वेळ साबणाने हात धूत बसले.

हे सगळं आईसाठी चाललं होतं.

मी वाशिमला राहते. एका कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये कामाला आहे. भाऊ आमच्या जिल्ह्यातल्याच मालेगावला, गावाच्या कडेला. घरचा भाजीपाल्याचा मळा आहे. वांगी, भेंडी, गवार, सांबार म्हणजे कोथिंबीर, असं काय काय बाजारात जातं. वडील गेल्यावर वाटणी झाली. मळा वाटला, विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या वाटल्या, भांडी वाटली, अंगणात भिंत आली. ती भिंत मागच्या टिनाच्या शेडपाशी येऊन थांबली, कारण दोघांचाही माल तिथेच निवडला जातो आणि दुसरं शेड बांधायची कुणाची तयारी नव्हती. मग आईही वाटली. एक महिना इकडे, एक महिना तिकडे. चैत्र दादाचा, वैशाख धाकट्याचा, ज्येष्ठ दादाचा, आषाढ धाकट्याचा, असं ठरलं. अमावास्या झाली की दुसऱ्या दिवशी सकाळी आई पिशवी उचलून भिंतीच्या पलीकडे जायची. नातेवाइकांत दोघेही हे मोठ्या तोऱ्यात सांगायचे. आमच्यात भांडण नाही, सगळं कसं ठरल्याप्रमाणे.

आईला मी माझ्याकडे आणू शकले असते. नवऱ्याचीही ना नव्हती. पण ती यायची नाही. "दोन पोरं असून लेकीच्या दारात पडली, असं म्हणतीन लोकं," हे तिचं ठरलेलं उत्तर. माझ्या घरी ती चहा पिऊन परत जायची, जेवायलासुद्धा थांबायची नाही.

मग ती मोरीत घसरून पडली. मला ते आठवड्याने कळलं, तेही बाजारात भेटलेल्या एका ओळखीच्या बाईकडून. दादाला विचारलं तर म्हणाला, मले वाटलं धाकट्यानं सांगतलं असंल. धाकट्याला वाटलं दादाने सांगितलं असेल. त्या दिवशी मी ठरवलं, की या दोघांच्या तोंडावर अवलंबून राहायचं नाही. एक छोटा कॅमेरा घेतला, त्याच्या जोडीला तळहाताएवढा एक राउटर घेतला, दोन्ही एका प्लास्टिकच्या डब्यात बसवले आणि आईच्या खाटेच्या उशाशी लावले. आई त्याला डबी म्हणते. कपडे बदलताना तिच्यावर पदर टाकते आणि एरवी तिच्याशी बोलते. "जेवली का वं? मी दिसून राह्यली का?"

अडचण अशी झाली, की महिना पालटला की आईबरोबर डबीही घर बदलायची. डबीपर्यंत पोचायची वाट मी माझ्या वाशिमच्या राउटरमध्ये हाताने लिहून ठेवलेली असायची. आईकडे जायचं तर दादाच्या घरून. महिना पालटला की ते खोडून धाकट्याच्या घरून असं लिहायचं. त्यासाठी आधी फोन करून विचारायचं, आई गेली का तिकडे? आणि दादाच्या आवाजात दर वेळी तो सुटल्याचा सुस्कारा ऐकायचा. "हो हो, सकायीच गेली." भरलेली कचऱ्याची बादली घंटागाडीत रिकामी करून आल्यावर माणूस जसा बोलतो, तसा तो बोलायचा. मला त्या आवाजाचा वीट आला होता.

राउटरच्या सेटिंगच्या पानावर, अगदी आत, डायनॅमिक राउटिंग नावाचा एक खटका असतो. बहुतेक घरांत तो जन्मभर बंदच राहतो. तो चालू केला की वाट हाताने लिहावी लागत नाही. राउटर दर अर्ध्या मिनिटाला आपल्या शेजारच्या राउटरांना सांगत राहतो, की माझ्याकडून कुठे कुठे जाता येतं आणि ते ठिकाण किती मुक्काम, म्हणजे किती राउटर, लांब आहे. शेजारी ते ऐकतो, त्यात आपला एक मुक्काम मिळवतो आणि पुढच्याला सांगतो. म्हणजे डबी कुठल्याही घरात लावली तरी त्या घरचा राउटर बाकीच्यांना सांगणार, इकडे आहे. मला फोन करायला नको, सुस्कारा ऐकायला नको. म्हणून त्या रविवारी मी लॅपटॉप घेऊन मालेगावला गेले आणि चिंध्या मागितल्या.

वाशिमचा माझा राउटर दोघांना इंटरनेटवरून जोडलेला होताच, पण दोन्ही घरांच्या राउटरांमध्ये एक वायरही टाकायची होती, म्हणजे एकाचं इंटरनेट गेलं तर दुसऱ्याच्या घरून वाट मिळेल. दादा भिंतीला भोक पाडू देईना.

"म्हंजे माह्यं नेट गेलं तं त्याचं इकडं येईन?"

"हो."

"अन् त्याचं गेलं तं माह्यं तिकडं जाईन?"

"हो रे दादा."

"मंग किती गेलं ते कुठी दिसन?"

शेवटी शेडच्या पत्र्याखालून वायर नेली, भिंतीला हात न लावता. राहिला पासवर्ड. राउटरांनी एकमेकांवर विश्वास ठेवायचा तर दोन्हीकडे एकच पासवर्ड लागतो. दादाला धाकट्याचा चालेना, धाकट्याला दादाचा. मी म्हटलं, आईचं माहेरचं आडनाव टाकू, आई तर दोघांचीही आहे. दादा डोकं खाजवायला लागला. धाकट्याने बायकोकडे पाहिलं. भिंतीच्या दोन बाजूंना, एकमेकांपासून लपून, दोघांनीही मला तेच विचारलं, "काय होतं वं ते?" ज्या मामाच्या खांद्यावर बसून हे दोघे किन्हीराजाची जत्रा फिरले, त्याचं आडनाव यांना आठवत नव्हतं. मी ते टाइप केलं आणि कुणालाच मोठ्याने सांगितलं नाही.

राउटर मात्र शहाणे निघाले. त्याच संध्याकाळपासून ते एकमेकांशी बोलायला लागले. तीन घरं, तीन राउटर, आणि तिघांनाही आई कुठे आहे हे पक्कं माहीत. मला आनंद व्हायला हवा होता. पण दोन सख्ख्या भावांना जमत नाही ते पत्र्याखालच्या वायरीला जमतंय, हे बघून मी लॅपटॉप मिटला.

काही महिने छान गेले. अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मोबाइलवर आईची खाट दिसेनाशी व्हायची, चार-दोन मिनिटं काळा पडदा, आणि मग दुसऱ्या भिंतीसमोर तिचा चेहरा. "आता दिसून राह्यली का?" मला कुणालाच काही विचारावं लागत नव्हतं.

आणि मग धोंड्याचा महिना आला.

यंदा ज्येष्ठ दोन आले, आधी अधिक आणि मग निज. वाटणीनंतरचा हा पहिलाच अधिक महिना. आमच्याकडे या महिन्यात जावयाला बोलावतात, पुरणाचे धोंडे खाऊ घालतात, कपडे करतात. वैशाख संपायच्या आधीपासूनच माझ्या नवऱ्याला दोन्ही मेव्हण्यांचे फोन सुरू झाले. "जवाई, पहिले धोंडे आमच्याकडं." "दादाकडं मंग जा, आधी आमच्याकडं या." कोण जास्त थाटात करतो अशी चढाओढ लागली होती. नवरा हसत होता. त्याला दोन शर्ट मिळणार होते.

वैशाख अमावास्या झाली. दुसऱ्या दिवशी मी लॅबमध्ये होते. पोरांची प्रॅक्टिकल परीक्षा चालू होती. चहाच्या सुट्टीत मोबाइल उघडला तर पडदा काळा. वाटलं, आई भिंत ओलांडत असेल. थोड्या वेळाने पुन्हा पाहिलं, काळाच. लाइट गेली असेल म्हणून मी लॅपटॉपवर राउटरचं पान उघडलं, तर तिथे काही तरी वेगळंच चाललं होतं. आईची डबी किती मुक्काम लांब आहे हे सांगणारा आकडा वाढत होता. एरवी तो दोन-तीनच्या पुढे जात नाही. आता पाच झाला, मग सहा, मग आठ.

हा आजार मी पुस्तकात वाचला होता, पाहिला नव्हता. डबी दोन्ही घरांतून काढलेली होती. पण दादाचा राउटर समजत होता, की धाकट्याकडून वाट आहे. धाकट्याचा समजत होता, की वाशिमहून आहे. आणि वाशिमचा, म्हणजे माझा, दादाच्या भरवशावर होता. प्रत्येकजण दुसऱ्याची शिळी बातमी ऐकून त्यात एक मुक्काम मिळवून पुढे सांगत होता. खरं तर कुणाकडेच काही नव्हतं. हे असंच फिरत राहू नये म्हणून राउटरांना एक हद्द घालून दिलेली असते. आकडा सोळावर गेला, की ते ठिकाण पोचण्यापलीकडचं समजायचं आणि वाट सोडून द्यायची. माझ्या डोळ्यांसमोर आकडा सोळा झाला आणि आईची ओळ यादीतून पुसली गेली.

मी दादाला फोन केला.

"माय? धाकट्याकडं असंल."

धाकट्याला केला. "गेली ना दादाकडं. आज तं त्याचा महिना लागला."

लॅब सोबतच्या सरांवर सोडून मी स्कूटी काढली. उन्हाचा असा भडका होता, की हँडलला हात लावता येत नव्हता. मालेगावपर्यंतच्या रस्त्यात मी काय काय कल्पना केल्या ते लिहीत नाही. विहीर मात्र राहून राहून डोळ्यांपुढे येत होती.

आई हरवली नव्हती. मागच्या टिनाच्या शेडमध्ये बसली होती. दोन्ही स्वयंपाकघरांच्या खिडक्या त्या शेडवरच उघडतात. दोन्ही खिडक्यांतून ती सकाळपासून सगळ्यांना दिसत होती. एका बाजूला पिशवी, पिशवीत डबी, आणि समोर सांबाराचे दोन ढीग. ती जुड्या बांधत होती. उजवीकडचा ढीग दादाचा, डावीकडचा धाकट्याचा. पत्रा तापून वास मारत होता. तिचे ओठ पांढरे पडले होते.

"माय, इथं काहून बसली?"

"बसली बाप्पा. महिन्याचं काही तरी हाय म्हणते."

"जेवली का?"

ती सुतळीला गाठ मारत राहिली.

धाकट्या भावजयीने खिडकीतूनच सांगितलं. सांगताना तिला लाज वाटली नाही, उलट आपली बाजू कशी बरोबर आहे हे तिला पटवायचं होतं. ठरलेलं असं, की अमावास्येनंतर आईचं पहिलं ताट ज्याच्या घरी, महिना त्याचा. म्हणजे मध्येच कुणी ढकलाढकली करू नये. आता अधिक ज्येष्ठ कुणाचा हे काही ठरलेलं नव्हतं. धाकटा म्हणत होता, अधिक असो की निज, ज्येष्ठ तो ज्येष्ठ, दोन्ही दादाचे. दादा म्हणत होता, धोंड्याचा महिना मोजणीत धरतच नाहीत, त्यामुळे जिथे होती तिथेच राहील, माझा निजपासून. म्हणून सकाळपासून दोन्ही घरांत स्वयंपाक झाकून ठेवला होता आणि दोघी खिडकीतून एकमेकींकडे बघत होत्या, कोण आधी हाक मारते म्हणून.

"पाणी तरी द्यायचं होतं की नाही?" मी ओरडले.

"पाण्याचं ठरलं नवतं ना ताई. उगीच नंतर त्याच्यावरून व्हायचं."

जुड्या बांधायला मात्र महिना लागत नव्हता. दोघींनीही सकाळीच आपापला ढीग आणून तिच्यापुढे टाकला होता.

मला सांगता येत नाही मला काय वाटलं. राग हा शब्द त्याला पुरत नाही. रागात माणूस समोरच्याला निदान माणूस तरी धरतो. मला त्या दोन्ही घरांचा वास सहन होईना, झाकून ठेवलेल्या वरणाचा, फोडणीचा.

मोठ्या वहिनीने मला पाहिल्याबरोबर लिंबाचं सरबत आणलं. मी पाहुणी ना, माझं आतिथ्य ताबडतोब. मी तो ग्लास आईच्या हातात दिला. आईने एका दमात रिकामा केला. तेवढ्यात दादा बाजारातून आला, मोटरसायकल लावली, आणि त्याच्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते बायकोला उद्देशून. "हे सरबत कोणाले देल्लं होतं?"

"ताईले," वहिनी म्हणाली.

"मंग बरं. ते आपल्यात धरू नका."

धाकटाही त्याच्या बाजूने येऊन उभा राहिला होता. कित्येक महिन्यांनी दोघे भाऊ एकमेकांशी बोलले, ते हे. पंचांग काय म्हणतं, ब्राह्मणाला विचारू, नाही तर मामाला विचारू. मी मध्ये पडून दोघांना नको ते बोलले. माझ्या तोंडून शिव्या गेल्या, त्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत आणि मला त्यांचं वाईटही वाटत नाही. दादा म्हणाला, "तुह्यं काय जाते बोलाले? तुले थोडीच ठेवा लागते." 

आईने शेवटची जुडी बांधली. दोन्ही ढीग संपवूनच ती उठली, हे मला आजही छळतं. हात पदराला पुसले आणि दोघांना विचारलं, "हा महिना तुमच्यातल्या कोणाचाच नाई ना?"

दादा मोटरसायकलची किल्ली बोटात फिरवत राहिला.

"मंग माह्या हाय. मी पोरीकडं जातो."

आयुष्यभर जी लेकीच्या घरी मुक्कामाला यायला तयार नव्हती, तिने हे इतक्या साधेपणाने म्हटलं, की मलाच क्षणभर कळलं नाही. मोजणीतच नसलेल्या महिन्यात कुठेही राहिलं तर लोकांना बोलायला जागा नाही, असा तिने काही हिशेब केला असावा. भाऊ तिला अडवतील असं मला वाटलं. निदान दाखवायला तरी. धाकट्याने पिशवी उचलली आणि स्कूटीला इतक्या चपळाईने बांधली, की मी बघत राहिले. दादाने थैलीभर वांगी आणून पुढे ठेवली. "ताजी हायेत. अन् जवाईले धोंड्याले धाडजो बरं का." मी वांगी तिथेच ठेवून निघाले.

आई मागे बसली, माझ्या कमरेला धरून. एक हात डबीवर.

घरी आल्यावर तिला झोपवलं, कूलर लावला. संध्याकाळी डबी माझ्या राउटरला जोडली. गरज नव्हती, आई तर समोरच होती. पण जोडली. अर्ध्या मिनिटात मालेगावच्या दोन्ही राउटरांनी मानलं, की आई वाशिमला आहे. आकडा एकवर येऊन थांबला. माझ्या नवऱ्याने धोंड्याला जाणार नाही असं दोन्ही मेव्हण्यांना कळवून टाकलं. त्याला हसू येत नव्हतं आता.

ज्वारीची भाकर, गवारीची भाजी आणि वरण-भात केला. आई ताटावर बसली. एक घास घेऊन थांबली. अर्धी भाकर मोडून ती नुसती बसून होती. "पोरं उपाशी असतीन," म्हणाली. कुठली पोरं, हे मी विचारलं नाही.

तेवढ्यात दादाचा फोन आला. मी उठून बाहेरच्या खोलीत गेले.

"माय जेवली का?" त्याने विचारलं.

खोटं का बोला, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. दुपारपासून जे काही त्याच्याबद्दल मनात साठलं होतं, ते एकदम सैल झालं. काही झालं तरी भाऊ आहे, राहवलं नाही त्याला, असं वाटलं.

"बसली आहे ताटावर," मी म्हटलं.

"पहिला घास घेतला का?"

"हो, घेतला."

"तुह्याच घरचं हाय ना? डबा-बिबा तं नाई आणला कुठून?"

"माझ्याच हातचं आहे."

"मंग झालं," तो म्हणाला. "धाकट्याले सांगतो, हा महिना वाशिमकडं लागला म्हून." आणि तोच तो सुस्कारा सोडून त्याने फोन ठेवला.

मी आत आले. आई दाराकडेच बघत होती.

"कोणाचा होता वं?"

"दादाचा."

"काय म्हणे?"

"जेवली का, विचारत होता."

"पाह्यलं का?" आई म्हणाली. तिचा सगळा चेहरा उजळला. "त्याले राहवत नाई. लहानपणापासून तसाच हाय तो." आणि तिने ताट पुढे ओढलं, उरलेली भाकर वरणात कुस्करली, आणि सगळं संपवून आणखी अर्धी मागून घेतली.